उत्तर बरोबर होतं, तरी मैत्रिणीचे पाच मार्क गेले

पत्र, थोडक्यात:

मी बारावी सायन्सला आहे. नीटसाठी आई आणि मी लातूरला खोली भाड्यानं घेऊन राहतो. बाबा गावी शेती बघतात. बायोलॉजी माझा हातखंडा विषय. क्लासमधल्या आम्हा सहा मैत्रिणींचा मोबाइलवर ग्रुप आहे. रात्री दहा वाजले की प्रश्नांचे फोटो यायला लागतात आणि मी उत्तरं देत बसते. बारा कधी वाजतात कळत नाही. दोन महिन्यांत माझे मॉक टेस्टचे मार्क ५६० वरून ५२८ वर आलेत. बायोलॉजी ३२८ वरून ३२४, केमिस्ट्री १२२ वरून ११८, फिजिक्स ११० वरून ८६. आई म्हणते, ‘आपल्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या रानात किती दिवस सोडणार? त्या मैत्रिणी नाहीत, तुझ्या स्पर्धक आहेत.’ त्यात परवा माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तुझ्यामुळे माझे पाच मार्क गेले.’ रंगांधळेपणाच्या एका प्रश्नाचं उत्तर मी तिला ५० टक्के असं सांगितलं होतं. ते बरोबर होतं, मी नंतर तपासलं. पण रविवारच्या टेस्टमध्ये ‘मुलगा’ऐवजी ‘अपत्य’ असं विचारलं होतं. तिनं तेच ५० लिहिलं आणि चुकलं. शिवाय आमच्यातली एक जण सकाळच्या बॅचला आहे. ती टेस्ट देऊन आली की प्रश्न ग्रुपवर टाकते आणि दुपारच्या बॅचच्या मुली माझ्याकडे उत्तरं मागतात. नाही म्हटलं तर शिष्ट ठरेन. मला स्वतःला कुणाला काही विचारायला आवडत नाही, कारण सगळ्या मला हुशार समजतात. ताई, मी मदत करणं बंद करू का?

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, कारण तू जे आकडे दिलेस तेच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहेत आणि ते तुझ्या नजरेतून निसटलंय असं मला वाटलं.

५६० चे ५२८ झाले, म्हणजे ३२ मार्क गेले. त्यातले २४ फिजिक्सचे. बायोलॉजीचे गेले चार, म्हणजे एक प्रश्न आला किंवा राहिला एवढाच फरक. इतका चढउतार कुठल्याही दोन टेस्टमध्ये होतो. मैत्रिणींना सांगून सांगून तुझं बायोलॉजी घटलेलं नाही. ३६० पैकी ३२४ वर ते ठाम उभं आहे. घटलंय ते फिजिक्स. रात्री दहा ते बारा या वेळात तू पूर्वी काय करत होतीस ते पत्रात नाही, पण न्यूमरिकल्स सोडवत असशील असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर आईचं म्हणणं एका अर्थानं खरं आहे आणि एका अर्थानं नाही.

आईनं विहिरीचा दाखला दिला. लातूरच्या माणसाला पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. २०१६ मध्ये तुमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तू तेव्हा लहान असशील, आईला ते चांगलं आठवत असेल. म्हणून तिचा दाखला मी हलका मानत नाही. फक्त त्यात एक गोष्ट जोडते. तुला येणारं बायोलॉजी हे विहिरीतलं पाणी धरलं, तर ते दुसऱ्याला दिल्यानं कमी होत नाही. पण मोटर चालवायला वीज लागते, आणि शेतात वीज ठरलेल्या तासांनाच येते हे तुझ्या बाबांना विचार. तुझी वीज म्हणजे रात्रीचे ते दोन तास. जपायचे ते तास. पाण्यावर झाकण घालायची गरज नाही.

आता ‘स्पर्धक’ या शब्दाबद्दल. हा शब्द आईनं एकटीनं शोधलेला नाही. क्लासच्या भिंतीवरच्या फोटोंपासून ते खाली चहाच्या टपरीवर थांबलेल्या पालकांच्या बोलण्यापर्यंत तो सगळीकडे आहे. पण जरा मोजून बघू. २०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली होती. सरकारी महाविद्यालयांतल्या, आपल्या राज्याच्या कोट्यात येणाऱ्या ८५ टक्के जागांपुरतंच बोलायचं तरी रांग हजारोंची आहे. त्या रांगेत तुझ्या ग्रुपमधल्या मुली आहेत पाच. समज, त्या पाचही जणींनी उद्या नीटचा नाद सोडला, तर तुझा क्रमांक फार तर पाचानं वर येईल. तुझे फिजिक्सचे २४ मार्क परत आले तर तो हजारोंनी वर येईल. ज्या रांगेची आईला धास्ती आहे ती खरी आहे, पण तुझ्या खोलीशेजारच्या पाच मुली म्हणजे ती रांग नव्हे.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं बोलले. आता जरा अवघड भाग.

तू लिहितेस की उत्तर बरोबर होतं, म्हणून तुझी चूक नव्हती. मैत्रिणीनं सगळ्यांसमोर तुला बोल लावला हे मला मुळीच आवडलेलं नाही. तरीही त्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा नीट बघू, कारण तुमच्या ग्रुपचं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आहे.

एका बाईचे वडील रंगांध आहेत. तिला स्वतःला रंग नीट दिसतात, नवऱ्यालाही दिसतात. त्यांना मुलगा झाला तर तो रंगांध असण्याची शक्यता किती? रंगांधळेपणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईला वडिलांकडून एक एक्स मिळतो, आणि वडिलांकडे तो एकच, सदोष. म्हणजे ती वाहक आहे हे नक्की: तिला स्वतःला त्रास नाही, पण सदोष एक्स ती पुढे देऊ शकते. मुलाला वडिलांकडून वाय मिळतो आणि आईकडून तिच्या दोन एक्सपैकी एक. म्हणून ५० टक्के. हे तू सांगितलंस ते अगदी बरोबर.

पण टेस्टमध्ये विचारलं होतं की अपत्य रंगांध असण्याची शक्यता किती. अपत्य म्हटलं की मुलीही मोजायच्या. या जोडप्याच्या मुली रंगांध होणार नाहीत, कारण प्रत्येकीला वडिलांकडून निर्दोष एक्स मिळणारच. चार शक्यतांपैकी एकच रंगांध, म्हणून २५ टक्के. एक शब्द बदलला आणि उत्तर निम्म्यावर आलं. बरोबर असतं तर अधिक चार मिळाले असते, चुकलं म्हणून उणे एक झाला. तिचे पाच मार्क गेले ते असे.

तुझ्या मैत्रिणीकडे त्या रात्री काय पोचलं? ५० हा आकडा. तू डोक्यात जे केलंस, वडील, वाहक आई, कुणाला कुठला एक्स, ते तुझ्याकडेच राहिलं. तिनं आकडा जपून ठेवला आणि रविवारी बाहेर काढला. तुझं उत्तर चुकलं नव्हतं. पण जी मदत झाली ती मदतीसारखी दिसणारी दुसरीच गोष्ट होती, आणि त्यात तुम्ही दोघीही सामील होतात: तिनं ‘का’ विचारलं नाही आणि बारा वाजत आले असताना तू ते सांगितलं नाहीस.

हे मी कडक होऊन सांगत नाही, कारण यात मीही चुकलेय. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असताना एका चाचणीत मला सात उत्तरपत्रिकांत शब्दशः एकच वाक्य सापडलं: अर्धसूत्री विभाजनात (युग्मकं तयार करणाऱ्या पेशीविभाजनात) ॲनाफेज १ या टप्प्यात सेंट्रोमिअर, म्हणजे गुणसूत्राचे दोन धागे जोडणारा बिंदू, दुभंगतो. हे चूक आहे. ॲनाफेज १ मध्ये जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांपासून दूर जातात. सेंट्रोमिअर दुभंगतो तो ॲनाफेज २ मध्ये. सातही मुलं वर्गात वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसली होती, कॉपी झालीच नव्हती. शोध घेतला तेव्हा कळलं की वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या वहीत घाईघाईत १ चा आकडा पडला होता आणि त्या वहीची झेरॉक्स सगळ्यांकडे होती. ‘हिची वही बघा, छान आहे’ असं वर्गात मीच सांगितलं होतं. त्या मुलीला इतकं वाईट वाटलं की तिनं पुढे कुणाला वही दिली नाही. मी तेव्हा तिच्याशी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही. ते तुझ्याशी बोलतेय.

सांगण्याचा फायदा कुणाला होतो यावर एक जुना प्रयोग आहे आणि तो आपल्याच विषयातला आहे. १९९४ मध्ये मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांना मानवी रक्ताभिसरणावरचा एक मजकूर वाचायला दिला. काही मुलांना प्रत्येक वाक्य वाचून झालं की त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्वतःला समजावून सांगायला लावलं. बाकीच्यांनी तोच मजकूर दोनदा वाचला. नंतर बघितलं तर समजावून सांगणाऱ्या मुलांची समज जास्त वाढली होती. आता तुमच्या ग्रुपकडे बघ. तिथे डोकं चालतं ते एकटीचं, तुझं. बाकीच्या पाच जणींना पर्यायाचं अक्षर मिळतं. तुझं बायोलॉजी ३२४ वर टिकून का आहे याचं हेही एक कारण असू शकेल. मदत करून तू स्वतःचं नुकसान करतेस असं तुला वाटतंय. मला उलट काळजी त्या पाच जणींची वाटते.

म्हणून मदत बंद करू नकोस, तिचं रूप बदल. काय करता येईल ते सांगते. यातलं सगळं जमेलच असं नाही.

सगळ्यात आधी वेळ. रोज रात्री साडेनऊ ते दहा, अर्धा तास. त्याआधी आणि त्यानंतर फोन आईकडे. दहाला फिजिक्सची वही उघडायची. ग्रुपवर हे कसं सांगायचं याचीच तुला धास्ती असेल, तर असं लिही: ‘माझं फिजिक्स फार मागे पडलंय, म्हणून मी दहानंतर फोन बंद ठेवणार आहे. बायोलॉजीसाठी साडेनऊ ते दहा मी नक्की आहे. प्रश्न पाठवताना तुम्ही कुठला पर्याय निवडला आणि का, तेही लिहा, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते आपल्याला लगेच सापडेल.’ यात खोटं काही नाही आणि माफीही मागितलेली नाही. एखादी रुसेल. चार दिवसांनी तीही साडेनऊला येईल.

त्या निरोपातलं शेवटचं वाक्य सोडू नकोस, सगळी किल्ली तिथेच आहे. नुसता फोटो आला तर उत्तर द्यायचं नाही, ‘तुला काय वाटतंय?’ एवढंच विचारायचं. समज, प्रश्न आला: एका वनस्पतीच्या मुळाच्या पेशीत २४ गुणसूत्रं आहेत, तर एंडोस्पर्मच्या (बियातल्या अन्न साठवणाऱ्या भागाच्या) पेशीत किती? तू ३६ लिहून मोकळी होशील, त्याला दोन सेकंद लागतात. त्याऐवजी विचार, ‘मुळाची पेशी एन की टू एन, म्हणजे गुणसूत्रांचा एक संच की दोन? एंडोस्पर्म तयार होताना किती केंद्रकं एकत्र येतात?’ पहिल्या प्रश्नावर तिला १२ मिळतील. दुसऱ्यावर तिला दोन ध्रुवीय केंद्रकं आणि एक नरयुग्मक आठवेल. १२ त्रिक ३६ हे ती स्वतः लिहील. उद्या पेपरात मुळाऐवजी परागकणाची गुणसूत्रं दिली तरी ती गडबडणार नाही. सुरुवातीला याला वेळ जास्त लागतो, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात तीनच प्रश्न होतील. हळूहळू प्रश्नच कमी यायला लागतील, कारण ‘मला काय वाटतंय’ हे लिहिता लिहिता अर्ध्या शंका फोटो पाठवण्याआधीच सुटतात. हे मी वर्षानुवर्षं बघितलंय.

दुसरी सवय पानाची. उत्तराबरोबर पुस्तकाचं नाव आणि पान सांगायचं, वाद झाला तर पान उघडायचं. महाराष्ट्रातल्या मुलांना हे जास्तच जपावं लागतं, कारण तुम्ही दोन पुस्तकांवर उभ्या आहात: बोर्डासाठी बालभारती आणि नीटसाठी एनसीईआरटी. श्वसन आणि रक्ताभिसरण बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात आहे, एनसीईआरटीत ते अकरावीला. वनस्पतींचं खनिज पोषण बोर्डाला आहे, पण एनसीईआरटीनं ते प्रकरण वगळलं आणि २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही ते गेलं. ग्रुपमध्ये एक जण बोर्डासाठी विचारत असते आणि दुसरी नीटसाठी उत्तर देत असते, आणि दोघींनाही ते कळत नाही. प्रश्नाच्या आधी ‘बोर्ड’ किंवा ‘नीट’ एवढा एक शब्द लिहायला सांग. फोनवरच्या ॲपला किंवा एआयला विचारून आणलेल्या उत्तरालाही हाच नियम लावा. ते उत्तर फार आत्मविश्वासानं लिहिलेलं असतं आणि तरीही चुकू शकतं. पान सापडलं नाही तर उत्तर पक्कं धरायचं नाही.

बोर्डाचं निघालंच आहे तर तेही सांगते, कारण डिसेंबरनंतर तुम्हा सगळ्यांना ते आठवणार आहे. बायोलॉजीचा लेखी पेपर ७० मार्कांचा, प्रॅक्टिकलचे ३०. लेखी पेपरात दोन, तीन आणि चार मार्कांची उत्तरं लिहावी लागतात आणि नुसते पर्याय निवडत आलेल्या मुलींचा हात तिथे अडतो. आठवड्यातून एकदा तुमच्यापैकी दोघींनी एकच तीन मार्कांचा प्रश्न वेळ लावून लिहायचा आणि कागदांची अदलाबदल करून एकमेकींना मार्क द्यायचे. कुठे अर्धा मार्क कापला ते समासात लिहायचं. आकृतीला नावं दिली आहेत का, कारण विचारलंय तिथे नुसतं वर्णन केलंय का, ते बघायचं. परीक्षकाच्या खुर्चीत एकदा बसलं की स्वतःच्या उत्तरातली पोकळी दिसायला लागते. मजकूर भरमसाट आणि मुद्दा गायब, असे कागद मी ढिगानं तपासलेत.

आणि एक खेळ, मला स्वतःला फार आवडणारा. सुटलेल्या प्रश्नातला एकच शब्द बदलून तो समोरचीला द्यायचा. डीएनएत ॲडेनिन २० टक्के, तर ग्वानिन किती? ३०, हे सगळ्यांना येतं. आता त्यात ‘एकाच धाग्याच्या डीएनएत’ एवढं घाल. मग सांगता येणार नाही, कारण शारगाफचा नियम (ॲडेनिन थायमिनइतकं आणि ग्वानिन सायटोसिनइतकं) दुहेरी धाग्यालाच लागू पडतो. मुलगा आणि अपत्य या शब्दांनी तुमच्या मैत्रीत जी गाठ मारली, ती असल्या खेळानंच सुटेल.

सकाळच्या बॅचच्या प्रश्नांबद्दल मात्र मला काही तोलून बघायचं नाही. ते थांबव, आजच. टेस्ट द्यायच्या आधी मिळालेला प्रश्न सोडवून देणं ही मदत नव्हे, मग ती क्लासची रविवारची टेस्ट का असेना. दुपारच्या मुलींना त्यातून एक खोटा आकडा मिळतो आणि तो आकडा घेऊन त्या निर्धास्त झोपतात. कुठलं प्रकरण कच्चं आहे हे कळण्यासाठीच टेस्ट असते, आणि तेच त्यांना कळत नाही. २०२४ च्या नीटमध्ये हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. तेव्हा देशभरातल्या, तुमच्यासारख्याच खोल्यांतून राहणाऱ्या मुलांचे ते दिवस कसे गेले ते मी जवळून पाहिलंय. तुमच्या ग्रुपवरची गोष्ट त्याच्यापुढे फार लहान आहे, पण ती करणाऱ्याच्या मनाला सवय तीच लागते. सकाळच्या मैत्रिणीला एकटीला गाठून सांग, ‘संध्याकाळी सगळ्यांची टेस्ट झाली की पेपर टाक, मी शेवटपर्यंत बसून एकेक प्रश्न सोडवते.’ हे वचन दिलंस तर ते पाळ. टेस्टनंतरची चर्चा हाच खरं तर सगळ्यात मोलाचा अभ्यास असतो आणि नेमका तोच बहुतेक मुली टाळतात.

आता तुझ्याकडे येते. पत्राच्या अगदी शेवटी तू एक वाक्य लिहिलंस: मला कुणाला काही विचारायला आवडत नाही, कारण सगळ्या मला हुशार समजतात. बाळा, फिजिक्सचे २४ मार्क त्या वाक्यात अडकलेत. सहा जणींत एखादी तरी अशी असेलच जिला फिरत्या वस्तूंची किंवा विद्युत परिपथाची गणितं चांगली येतात. तिला तू आजवर एकदाही फोटो पाठवलेला नाहीस. तुझ्या ग्रुपमध्ये शंका एकाच दिशेनं येतात आणि उत्तरं एकाच दिशेनं जातात, त्यामुळे तू थकतेस आणि त्या तुझ्यावर विसंबून राहतात. थोडं विचार करून बघ: ‘मी नसले तर यांचं अडेल’ हे वाटणं तुला कुठेतरी आवडतंसुद्धा का? आवडत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरापासून लांब, चार भिंतींच्या खोलीत, दर रविवारी मार्कांनी मोजलं जात असताना आपण कुणाला तरी हवे आहोत हे जाणवणं फार मोठा आधार असतो. पण तो आधार उत्तरांच्या बदल्यात मिळतोय अशी तुझी समजूत असेल, तर ती एकदा तपासून बघायला हवी. उद्या साडेनऊला ग्रुपवर तुझ्या फिजिक्सच्या एका अडलेल्या गणिताचा फोटो टाक. खाली लिही, ‘मी इथपर्यंत आले, पुढे जमत नाही.’ तुला कमी समजणारी एकही निघणार नाही. एखादीला उलट हायसं वाटेल.

ज्या मैत्रिणीनं बोल लावला तिच्याशी ग्रुपवर बोलू नकोस, मेसच्या रांगेत किंवा क्लासच्या वाटेवर बोल. ‘सगळ्यांसमोर म्हणालीस ते मला लागलं’ हे सांग. आणि मग हेही सांग की त्या रात्री मी नुसता आकडा दिला, पुढच्या वेळी आपण दोघी मिळून मांडून बघू. दोन्ही वाक्यं हवीत. पहिलं गिळलंस तर ते आत कुजत राहील, दुसरं गिळलंस तर भांडण होईल. आणि कधी खरोखरच तुझं उत्तर चुकलं, कारण ते चुकणारच आहे कधीतरी, तर त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी, ‘काल मी हे चुकीचं सांगितलं होतं, बरोबर असं आहे, पान अमुक’ असं लिही. चूक कबूल करणाऱ्या माणसाच्या बाकीच्या उत्तरांवर लोक जास्त भरवसा ठेवतात.

आईला हे पत्र दाखव. त्याआधी दोन्ही टेस्टचे विषयवार मार्क एका कागदावर शेजारी शेजारी लिहून तिच्यासमोर ठेव. गाव सोडून, घर सोडून ती तुझ्यासाठी त्या खोलीत राहतेय, मग तिला एकूण मार्क घसरलेले दिसतात आणि मध्यरात्री तुझ्या हातात फोन दिसतो. तिनं दोन्हींची सांगड घातली यात तिचं काय चुकलं? दहा वाजता फोन तिच्या हातात पडायला लागला की तिचा निम्मा राग जाईल. जमलं तर एखाद्या रात्री तिलाच रंगांधळेपणाचा प्रश्न समजावून सांग. ज्याला विषय येत नाही त्याला समजला तर आपल्याला तो नक्की समजलाय.

हे वाचणाऱ्यांत नेहमी विचारणाऱ्या मुलीही असतील. तुम्हाला एवढंच सांगते की विचारणं कमीपणाचं नाही, पण प्रश्नाचा फोटो काढण्याआधी वहीत दोन ओळी तरी लिहा. ज्या मैत्रिणीला तुम्ही रात्री बारा वाजता जागं ठेवता, तिलाही सकाळी सहाची बॅच असते.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या पत्रात नाही पण या शहरांतल्या प्रत्येक ग्रुपवर कधी ना कधी येते. मध्यरात्री एखादीचा मेसेज येतो आणि त्यात प्रश्न बायोलॉजीचा नसतो: ‘माझ्याच्यानं होणार नाही’, ‘आता काही अर्थ नाही’. तिथे साडेनऊ ते दहाचा नियम लागू नाही. लगेच फोन कर, तिला बोलू दे, तिला एकटी सोडू नकोस आणि तुझ्या आईला उठव. मोठ्या माणसाला सांगितलं म्हणजे मैत्रिणीचा विश्वास मोडला असं समजू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तो आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेव.

मैत्रिणीशी बोलशील तेव्हा हातात काहीतरी असावं म्हणून एक प्रश्न देते. वडील रंगांध आहेत आणि आई वाहक. त्यांचं होणारं अपत्य रंगांध मुलगी असण्याची शक्यता किती? आणि मुलगीच झाली असेल, तर ती रंगांध असण्याची किती? कागद मध्ये ठेवा, पेन तिच्या हातात दे आणि तिचं मांडून होईपर्यंत तू काही बोलू नकोस.